गराडू, रात्री अकरा

सराफ्यातल्या सोनारांची शटरं पडली
की त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात.
शनिवारी अकराच्या सुमारास मी तिथं उभा असतो,
मफलर कानांवरून,
फोन कढईच्या अगदी काठाशी धरून.
पलीकडे विनिपेगला सकाळचे साडेअकरा,
उणे बावीस, पमीताई, गुडघ्यांवर शाल.

"जवळ ने. अजून. वाफ दिसू दे."
गेंदालालचा मुलगा झारा थांबवून ओरडतो,
"भिया, फोन भी तलना है क्या?"

टेलिफोन खात्यात माझी चौतीस वर्षं गेली.
ट्रंक कॉल जोडायचो,
आणि तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं काम माझं.
लोक तेवढ्यात काय काय उरकायचे:
बारसं, बदली, पैसे पोचले, अण्णा गेले.
एकदा कुक्षीची एक बाई काही बोललीच नाही,
पलीकडचा खोकला ऐकत राहिली.
तिला मी चौथं मिनिट दिलं, नोंद न करता.
तेव्हा तारेतून माणूस भेटत नाही
असं कुणी म्हणालं, तर मी भांडतो.

गेल्या हिवाळ्यात ऋत्विजनं, आमच्या भाच्यानं,
एक काळं खोकं आईच्या डोळ्यांवर बांधलं.
आत अख्खा सराफा.
इथं आला होता तेव्हा काठीवर कॅमेरा लावून फिरला होता पठ्ठ्या.
मान वळवावी तिकडे दुकान,
वर बघावं तर विजेच्या तारांचा गुंताही जिथल्या तिथं.
ती बैठकीत गोल गोल चालली म्हणे,
टीपॉयवर नडगी आपटली, तरी चालली.
मग फोन: "सगळं होतं रे.
तूसुद्धा होतास, पाठमोरा.
मागून टक्कल पडलंय तुला, बोलला नाहीस कधी.
हाक मारली, वळला नाहीस.
आणि एवढी गर्दी, पण कुणाचं कोपर म्हणून लागेना.
काढून ठेवलं."

आता माझं. तिला ठाऊक नसलेलं.
पाच वर्षं झाली,
त्या तापानं माझं नाक नेलं ते नेलंच.
जीरावन म्हणजे आता नुसती टोचणी,
लिंबू म्हणजे काहीतरी ओलं.
मी सराफ्यात असतो, पायांतल्या बुटांसकट,
आणि सराफा काही माझ्यात येत नाही.
तिच्याजवळ नुसती काच,
आणि ती म्हणते, "तेल जुनं आहे आज त्याचं, वास येतोय मला."
मी विचारतो. गेंदालालचा मुलगा ओशाळतो.

"कसा झालाय?"
दर शनिवारी हा प्रश्न येतोच.
मी एक तुकडा तोंडात टाकतो
आणि एकाहत्तर सालचा गराडू तिला सांगतो,
अण्णांनी दोघांत एकच दोना घेतला होता तो.
ती म्हणते, "हो, अगदी तस्साच."
आम्हा दोघांपैकी तिथं कोण असतं,
मला खरंच सांगता येत नाही.

काल "लिंबू पिळ" एवढं म्हणाली आणि फोन बंद पडला.
काळी काच, काचेत मफलरवाला एक म्हातारा.
दोन्यातून तळहाताला चटका बसायला लागला.
तेवढ्यात मागून एक पोरगं आदळलं,
अर्धा गराडू रस्त्यावर, उरलेला शर्टावर,
"सॉरी काका, सॉरी," म्हणत ते खाली बसून तुकडे वेचायला लागलं,
जसं काही ते आता कुणी खाणार होतं.
मग नवा दोना आणला त्यानं, पैसे घेईना,
आणि मी संपवेपर्यंत शेजारी उभं राहिलं.
दोन तुकडे त्यानंच खाल्ले, न विचारता.
किती दिवसांनी मी कुणाबरोबर जेवलो!

शर्ट धुतलेला नाही.
खिशाखाली डाग आहे, चांगला पुरीएवढा.
त्याला वास असणार. मला कसं कळणार?
खाकी कागद आणलाय, सुतळी आणलीय,
विनिपेगचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिलाय.
सोबतच्या चिठ्ठीत या वेळी मीच विचारलंय:
कसा झालाय?